साठ किलोच्या आत

चार महिन्यांत माझं सात किलो वजन आपोआप उतरलं आणि त्या आनंदात मी हॉलवर पेढे वाटले. तो टीबी होता.

पेढा मी स्वतः खाल्ला नाही. वजन वाढेल म्हणून.

ज्युदोत वजनाचे गट असतात. मी सहासष्ट किलोच्या गटात खेळायचो आणि दरवर्षी नेमाने जिल्ह्यातच हरायचो. त्याच्या खालचा गट साठचा. साठात गेलो तर आपल्याला धरणारा कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. फक्त साठात जाणं जमत नव्हतं. उपाशी राहिलो, प्लास्टिकचा सूट घालून पळालो, एका स्पर्धेआधी दोन दिवस पाणीही सोडलं होतं. काटा त्रेसष्टच्या खाली येईना. आणि एका वर्षी तो स्वतःच उतरायला लागला.

झोपेत घाम येऊन चादर भिजायची. मी म्हणायचो चरबी जळून राहिली आहे. संध्याकाळी अंग तापायचं. मी म्हणायचो बॉडी चार्ज झाली. भूक मेली, तेव्हा माझ्या इच्छाशक्तीचं मलाच कौतुक वाटलं. खोकला होता, तर हॉलवर धूळ काय कमी होती? प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एक शाबासकी तयार होती. एखाद्या डॉक्टरने मुद्दाम ठरवलं असतं तरी त्याला टीबी इतका नीट लपवता आला नसता.

तळघर

हॉल म्हणतो, पण ते तळघर होतं. आधी आम्ही एका शाळेच्या मागच्या पटांगणात खेळायचो. तिथे लग्नाचं लॉन झालं. मग आमचे इंगळे सर बुलढाणाभर जागा शोधत फिरले आणि बसस्टँडमागच्या एका कॉम्प्लेक्सच्या पोटातले दोन गाळे त्यांना मिळाले. भिंती ओल धरलेल्या, खिडकी एकही नाही, आत-बाहेर करायला एक शटर. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेचा क्लास. खाली आम्ही एकमेकांना आपटायचो, की वरची पोरं तक्रार करायची: धप्प आवाजाने पाठांतर तुटतं. म्हणून शटर अर्धं खाली.

वरच्या पोरांना जी वर्दी पुस्तकातून हवी होती, तीच आम्हाला मॅटवरून हवी होती. राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत आलं की हातात प्रमाणपत्र, प्रमाणपत्र असलं की खेळाडूंच्या राखीव जागेतून भरतीचा अर्ज. आमच्या हॉलवरचा एक जण असा पोलिसात लागला होता. त्याचा फोटो भिंतीवर होता, ज्युदोच्या कपड्यांत नव्हे, खाकीत. नवीन पोरगं आलं की त्याचा बाप आधी तो फोटो बघायचा, मग मॅट.

अर्धं शटर पूर्ण खाली ओढायची कल्पना मात्र माझी. स्पर्धा जवळ आली, वजन उतरवायचंय, तर पंखे बंद, शटर बंद, घाम काढा. एकोणीस पोरं त्या बंद डब्यात तासभर एकमेकांच्या तोंडाशी तोंड लावून दम टाकायची. मध्ये मी, खोकत.

अमोल

साठच्या गटात धरणारा कोणी नाही, असं मी वर म्हटलं. एक होता. अमोल. माझा खोलीतला साथीदार, मॅटवरचा जोडीदार, वरवट बकालचा. घरी भाजीचा मळा. तो साठचाच होता, जन्मापासून असल्यासारखा. खाऊनही साठ, उपाशीही साठ. मी डोणगावचा, बाबा बाजारात हमाली करतात, आयुष्यभर त्यांनी माझ्यापेक्षा जड पोती उचलली. आई शाळेत खिचडी शिजवते. आम्ही दोघं बुलढाण्यात एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो, आणि गट वेगळे होते तोवर आमच्यात काहीच भांडण नव्हतं.

जिल्हा निवडीच्या दिवशी मी काट्यावर उभा राहिलो. एकोणसाठ पाचशे. अमोलने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुम्या, तू माह्या गटात येऊन राह्यला काय बे?"

"वजनच उतरलं ना यार. आता मी काय करू?"

"काही नको करू. खेळ."

फायनल आमच्या दोघांचीच झाली. तीन वर्षं रोज ज्याची पकड धरली त्याची प्रत्येक सवय मला ठाऊक होती. डावा पाय टाकायच्या आधी तो खांदा सोडतो. शेवटच्या मिनिटात त्याने सोडला, मी फेकला. जिल्ह्याचा साठ किलोचा खेळाडू म्हणून माझं नाव लागलं, राखीव म्हणून त्याचं. मॅटवरून उतरून मी संडासात गेलो आणि दहा मिनिटं खोकलो. त्या वर्षी भरती निघणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. अमोलच्या वडिलांनी त्याला एवढं एकच वर्ष दिलं होतं. मला हे माहीत होतं. हे सगळं मला माहीत होतं, एवढं नोंदवून पुढे जातो.

फिटनेस सर्टिफिकेट

राज्य स्पर्धेच्या एंट्रीला डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. आमचे ठरलेले एक डॉक्टर होते, ते खेळाडूकडे न बघता सही करायचे. ते गावाला गेले होते. मग मी दुसऱ्यांकडे गेलो, आणि या माणसाने चक्क छातीला नळी लावली.

"खोकला किती दिवसांचा?"

"धुळीचा आहे सर."

"मी कशाचा नाही विचारलं. किती दिवसांचा?"

मी आठवायला लागलो तर दिवाळीच्याही मागे गेलो. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, तो बघून सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथे थुंकीची डबी हातात आली. डबी भरताना मी शेजारच्या बाईंना म्हणालो, "आयुष्यात पहिल्यांदा थुंकल्याबद्दल कोणी रागवत नाहीये." त्या हसल्या नाहीत. त्यांच्या हातात पण डबी होती.

दुसऱ्या दिवशी टीबी विभागातल्या सिस्टरांनी समोर बसवलं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, "निघाला. घाबरू नका, सहा महिने गोळ्या, बरा होतो. तोंडाला रुमाल बांधा. दोन-तीन आठवडे माणसांत जायचं नाही. खेळता म्हणे? ते बंद."

"किती दिवस?"

"आधी जगा, मग विचारा."

मी मनात हिशोब केला: स्पर्धेला चोवीस दिवस, गोळ्यांनी दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी. बसतंय की. टीबी झाल्याचं कळल्यावर माणसं रडतात असं ऐकलं होतं. मी कॅलेंडर बघत होतो.

सिस्टरांनी पत्ता विचारला. खोलीचा पत्ता दिला तर चौकशीला कोणी यायचं, अमोलला कळायचं. मी डोणगावच्या घराचा दिला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बाहेर पडलो. दोन दिवसांनी ठरलेले डॉक्टर गावाहून परतले. त्यांनी मान वर न करता मला तंदुरुस्त ठरवलं.

नऊ दिवस

टीबी निघाला त्या दिवसापासून एंट्री बंद व्हायला नऊ दिवस होते. तोवर मी सरांना सांगितलं असतं तर माझं नाव खोडून अमोलचं लागलं असतं. दोन मिनिटांचं काम.

गोळ्या मी प्रोटीन पावडरच्या डब्यात लपवल्या. सकाळी अमोल आंघोळीला गेला की गिळायचो. लघवी लाल-नारिंगी झाली. सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून ठीक, नाहीतर मी तेही व्हिटॅमिनच्या खात्यात टाकलं असतं. मळमळ व्हायची. ताट वेगळं घ्यायला लागलो तर अमोल म्हणाला, "स्टेटचा खेळाडू झाला तर आता माह्या ताटात नाही जेवत काय?" मी म्हणालो, "डाएट." तो म्हणाला, "बरं साहेब."

आणि रोज संध्याकाळी मी हॉलवर गेलो. रुमाल बांधून गेलो, विचारलं तर धुळीची ॲलर्जी सांगितली. पकड धरताना रुमाल सुटायचा. लहान पोरांना शिकवताना मी मान दुसरीकडे वळवायचो आणि वाटायचं, आपण किती काळजी घेतो.

मला लोक विचारतात, काऊन नाही सांगतलं? त्या नऊ दिवसांचं माझ्याकडे एकच उत्तर आहे. भीती. अंथरुणात पडलं की छातीत घरघर ऐकू यायची आणि वाटायचं, आपण मरणार. माणसं हात लावणार नाहीत, खोली सुटेल, हॉल सुटेल. घाबरलेल्या माणसाला डोकं नसतं. ज्यांना हा आजार झालाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

नवव्या दिवशी एंट्री बंद झाली. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

शटर

दहाव्या दिवशी संध्याकाळी शटर बंद करून आम्ही घाम काढत होतो. बाहेरून कोणीतरी शटर बडवायला लागलं. पोरं थांबली. आम्हाला वाटलं वरच्या क्लासचे सर आले भांडायला. अमोलने शटर उचललं.

आई होती. हातात कापडी पिशवी, डोणगावहून बस बदलत आलेली. माझ्या हुशार पत्त्यावर गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई गेल्या होत्या आणि दारातून विचारलं होतं, "जयभीम बाई. तुमच्या पोराच्या गोळ्या सुरू झाल्या ना? घरात अजून कोनाले खोकला?" आईला गोळ्या कसल्या तेच माहीत नव्हतं.

आईने आत पाहिलं. बंद पंखे, ओल्या भिंती, एकोणीस पोरं, आणि मध्ये तिचा पोरगा प्लास्टिकच्या सूटमध्ये.

"तुले टीबी हाय," ती म्हणाली. ओरडली नाही. "अन् तू या लेकरायच्या अंगावर पडून राह्यला."

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "आई, चप्पल काढ, मॅट आहे."

सरांनी पंखे लावले, शटर पूर्ण वर केलं, पोरांना बाहेर काढलं. मग फोन लावून कोणाशी तरी बोलले, अमोलचं नाव टाकता येतं का विचारलं, ऐकलं, ठेवला. "एंट्री काल बंद झाली," ते भिंतीला सांगावं तसं म्हणाले.

अमोल पट्टा सोडून गुंडाळत होता. "कवा कळलं तुले?"

"दहा दिवस झाले."

त्याने मान हलवली. पट्टा पिशवीत टाकला. खोलीवर मी पोचलो तेव्हा त्याची गादी गेलेली होती आणि आमचं ताट घासून उभं ठेवलेलं होतं.

वॉर्ड

आजारात नऊ दिवस कुस्ती केल्याचं बक्षीस म्हणून छातीत पाणी झालं. त्याच आठवड्यात दम लागून मला भरती केलं. पाठीत सुई घालून पाणी काढलं. ती सुई बघून मला पहिल्यांदा कळलं की आपण आजारी आहोत. तोवर मी फक्त पकडला गेलेला होतो.

वॉर्डातला दिवस लवकर सुरू होतो. झाडू, मग फिनेल, मग चहा, मग गोळ्या. सिस्टर गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि माझं तोंड उघडून बघायच्या. बाकी कोणाचं बघायच्या नाहीत. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "बाकीच्यांनी पत्ता खरा दिला होता."

शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर काका होते. त्यांनी विचारलं, काय करता. म्हणालो, ज्युदो.

"म्हंजे काय अस्ते?"

मी हात हलवून पकड, फेक, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे कुस्तीच, कपडे घालून." थोड्या वेळाने म्हणाले, "अन् त्यानं नोकरी लागते?"

"लागते. मेडल आलं तर."

"मंग आलं?"

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

आई खाटेखाली चटई टाकून राहायची. तिने माझा पेला वेगळा केला होता, कोणीतरी सांगितलं म्हणून. सिस्टर म्हणाल्या, भांड्याने होत नाही हा आजार, हवेने होतो, खिडकी उघडी ठेवा. तेव्हापासून आई माझ्याच पेल्यातला उरलेला चहा प्यायला लागली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तू गप राह्य. तुले काय कळते ते पाह्यलं."

बाबा एकदाच आले. पाच मिनिटं खाटेशी उभे राहिले, माझं मनगट हातात धरून अंदाज घेतला, पोत्याचा घेतात तसा. "किती भरते?"

"छप्पन."

"छप्पन," ते म्हणाले, आणि बराच वेळ मनगट सोडलं नाही.

एकोणीस फोटो

हॉलवरच्या सगळ्यांची तपासणी निघाली. छातीचे फोटो, ज्यांना खोकला त्यांची थुंकी. हॉलला कुलूप लागलं. वरच्या क्लासच्या पोरांनी जिन्यात तोंडाला रुमाल बांधायला सुरुवात केली. एका मुलीचे वडील वॉर्डाच्या दारापर्यंत आले, आत आले नाहीत, दारातूनच म्हणाले, "नऊ वर्षांची हाय माही पोरगी. तुले दादा म्हनते." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

निकाल यायला जे दिवस गेले त्यांच्याबद्दल मला विनोद सुचत नाही. मी रोज सुटी मागायचो, घरी जाण्यासाठी नाही, कुठेतरी जाण्यासाठी. ज्या पोरांना मी पडायचं कसं ते शिकवलं, डोकं वाचवायचं कसं ते शिकवलं, त्यांच्या छातीत मी काय ठेवून आलो ते एका काचेच्या पेटीपुढे धरलेल्या फोटोत दिसणार होतं.

मग एका दुपारी सरांचा फोन आला. "सगळ्यायचे क्लीन आले."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यायचे. दोन-तीन जणांना खबरदारीच्या गोळ्या दिल्या. बाकी काही नाही."

मी रडलो. शेजारच्या काकांनी आपला टॉवेल दिला. नाक पुसून विचारलं, "सर, अमोल?"

"अमोलचाही क्लीन. एकदम फिट हाय थो."

सरांनी फोन ठेवला. स्पर्धा त्याच दिवशी सुरू झाली होती. साठ किलोत आमच्या जिल्ह्याचा खेळाडू नव्हता, आणि फिट माणूस वरवट बकालला मळ्यात पाणी देत होता.

सहा महिने

डोणगावला घरी आलो. गोळ्या रोज. सांधे दुखायचे, जिना चढताना आजोबा व्हायचो, तोंडाला सगळं कडू. सहाव्या-सातव्या आठवड्यात बरं वाटायला लागलं आणि डोक्यात आलं, आता कशाला गोळ्या. इथेच पुष्कळ जण फसतात. मीही फसलो असतो, पण आशाताई दारात उभ्या असायच्या आणि त्यांना आता माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास नव्हता. ही बाई नसती तर हे लिहायला मी नसतो.

त्या वर्षी भरती निघाली. वरच्या क्लासमधली दोन पोरं लागली. हॉल कायमचा सुटला. गाळ्यात आता फरशीचं दुकान आहे. सर सकाळी क्रीडा संकुलाच्या कडेला, झाडाखाली, उघड्यावर शिकवतात. पोरं कमी झाली आहेत. हवा भरपूर आहे.

हे वाचणाऱ्यांत कोणी खेळाडू असेल तर त्याला सांगतो. वजन आपोआप उतरत असेल तर पेढे वाटू नका, थुंकी तपासा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर त्याला धूळ म्हणू नका. डॉक्टरला आणि सिस्टरला पत्ता खरा द्या. आणि कळलं की त्याच दिवशी सांगा, जोडीदाराला सगळ्यात आधी.

वरवट बकाल

शेवटची तपासणी चांगली आली त्यानंतर मी वरवट बकालला गेलो. वजन अडुसष्ट, गालावर मांस. अमोलच्या मळ्यात वांग्यांची तोडणी चालू होती. तो क्रेट भरत होता. त्याच्या आईने चहा आणला, माझ्याकडे एकदा बघून घरात गेली. अमोल आता भाजीचा टेम्पो चालवतो. मॅटवर परत आला नाही. खांदे तसेच आहेत.

मला नीट बोलता येणार नाही हे माहीत होतं. म्हणून हे सगळं लिहून नेलं होतं. क्रेट उलटा करून बसलो आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं. पेढ्याला तो हसला. पत्त्याला हसला. आईच्या शटरच्या जागी त्याने हात थांबवला, मग पुन्हा वांगी निवडायला लागला. नऊ दिवसांचं वाचताना मी वर पाहिलं नाही. वाचून झालं तेव्हा विचारलं, "काही चुकलं काय?"

त्याने भरलेला क्रेट उचलून टेम्पोत ठेवला. हात झटकले.

"सगळं बराबर हाय. थे मरायची भीती होती म्हनून लिवलं, थे फक्त खोटं हाय बे. मरायची भीती असती तर तू मॅटवर आलाच नसता. मी मेडल आनीन, याची भीती होती तुले. थे लिव."